पूजेला बसलेला जॅक

विटा फुटल्या आणि गाडीचं तोंड खाली आलं. आवाज मोठा झाला नाही. भरलेलं पोतं खांद्यावरून खाली टाकल्यासारखा झाला. मी शेडच्या दारात झेंडूची माळ हातात धरून उभी होते. गाडीखाली दोघं होती, माझे मालक आणि माझी लेक नंदा. बाहेर मला चार पाय दिसत होते. दोन हलत होते, दोन हलत नव्हते. पूजेचं पितळी ताट गाडीखालून घरंगळत आलं आणि माझ्या पायाशी गरगर फिरत राहिलं. हळद सांडली, कुंकू सांडलं. त्या ताटाचा आवाज थांबेपर्यंत मला ओरडायचं सुचलं नाही.

गाडी पेलणारा जॅक तेव्हा घरात होता. देव्हाऱ्यापुढं पाटावर, कपाळाला कुंकू लावून, डोक्यावर झेंडूचं फूल घेऊन बसला होता. कालच खंडेनवमी झाली होती. अवजारांना विश्रांती होती.

आता पुन्हा नवरात्र आलं आहे. इंदापूरच्या स्टँडबाहेर झेंडूचे ढीग लागले आहेत. सोलापूरकडं जाणारे ट्रक तिथंच थांबून तोंडाला माळा बांधून घेतात. पाऊस जाता जाता एखादी सर टाकून जातो आणि मग असं ऊन पडतं की अंगातलं पाणी निघावं. बाजरी कापून झालेली असते, रानात धाटं उभी असतात, त्यांचा सुका गोड वास येतो. घटाची माती भिजवायला मी मळ्यातली काळी माती आणते, त्यात धान टाकते, आणि ते वर आलं की दरवर्षी मला वाटतं, हे आपलं उगवतं बिनघोर. त्याला काही माहीत नसतं.

आमचं घर निमगाव केतकीला, पानमळ्याच्या कडेला. मळ्यात शेवरीच्या सावलीला बाहेरून आलेल्या माणसाला एकदम गार वाटतं. मळ्याच्या बांधालाच पत्र्याचं शेड आहे. आधी त्यात म्हैस होती. मग गाडी आली.

ती गाडी आमच्यासारख्यांची नव्हे. मालक एका कारखान्यावर मोठ्या साहेबांचे ड्रायव्हर होते. साहेबांची स्वतःची एक जुनी विलायती गाडी होती. लाल, बुटकी, दोनच माणसं बसतील एवढी, वर कापडाचं टप. रविवारी साहेब ती बाहेर काढत आणि मालकांना शेजारी बसवत, कधी चालवायला देत. साहेब गेले. मुलं परदेशात. त्यांनी बंगला रिकामा करताना मालकांना सांगितलं, काका, ही तुम्हीच न्या, तुम्हीच हिला सांभाळलंय. मालकांनी ती म्हशीच्या शेडात आणून लावली. म्हैस मी विकली. मी तेव्हा म्हणाले होते, म्हैस दूध तरी देत होती.

त्या गाडीला चारच गिअर. साहेब नेहमी म्हणायचे, बनवणाऱ्यानं हिला एक गिअर कमी दिलाय. हायवेला लागली की चौथ्यातही ती किंचाळायची, अजून काहीतरी मागायची, आणि द्यायला काही नसायचं. मालकांना सवय लागली होती. मोठी गाडी चालवत असले, एसटीत बसलेले असले, जेवत असले तरी वेग आला की त्यांचा डावा हात जरा पुढं सरकायचा, नसलेला गिअर शोधायचा आणि मागं यायचा. मी बघायची आणि हसायची. माणसाला नसलेल्या गोष्टीची एवढी सवय कशी होते, ते मला तेव्हा कळत नव्हतं.

नंदा श्रावणात घरी आली. एक सुटकेस घेऊन. पुण्यात गाड्यांच्या कंपनीत कामाला होती, गाड्यांचाच डिप्लोमा केलेला. नवऱ्यानं सोडली होती. मूल होत नाही म्हणाला. खरं कारण काय होतं ते त्यालाच ठाऊक. मी विचारायला गेले नाही. ती आली आणि मळ्याकडच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून झोपली. ताट ठेवलं तर तसंच परत. केस विंचरायला बसवली तर बसायची, उठ म्हटलं तर उठायची, स्वतःहून काही नाही. विहिरीकडं गेली की मी काहीतरी निमित्त काढून मागं जायची. मालकही जायचे. आम्ही दोघं एकदा विहिरीवर समोरासमोर आलो, दोघांच्या हातात रिकामी कळशी. पाणी भरलं आणि परत आलो.

मग मालकांनी गाडी बाहेर काढायला सुरुवात केली. रोज सकाळी. नंदाच्या खिडकीखालून वाट होती, तिथंच नेमका गिअर टाकायचे आणि गिअर असा खरखरायचा की पानमळ्यातली पाखरं उठावीत. दुसरा टाकला, खर्र. तिसरा टाकला, खर्र. मी ओट्यावर बसून ऐकायची. जन्मभर गाडी हाकलेल्या माणसाला गिअर टाकता येत नाही होय?

एका सकाळी खिडकीतून आवाज आला.

"आप्पा, क्लच पुरता दाबा की."

"दाबलाय गं."

"न्हाय दाबला. कळतंय मला."

"मग तू येऊन दाब."

ती आली नाही. पण दुसऱ्या दिवशी खिडकीत उभी राहिली. तिसऱ्या दिवशी गाडी खरखरली आणि आतून कडकन काहीतरी मोडलं. नंदा चप्पल न घालता बाहेर आली, खाली वाकली, कान लावला आणि म्हणाली, "दात गेला. ह्याचा दात आता मिळत नसतो, आप्पा. काय केलं तुमी हे?" मालकांचं तोंड मी बघितलं. एवढ्या मोलाच्या गाडीचा गिअरबॉक्स मोडलेल्या माणसाचं ते तोंड नव्हतं. दात तुटला की तोडला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आता विचारायची सोय नाही.

त्या दिवशी ती दोन भाकरी जेवली.

जुना गिअरबॉक्स दुरुस्त होणार नव्हता. नंदा म्हणाली, मग चारचा कशाला, पाचचाच बसवू. बारामतीच्या भंगारातून एका पिकअपचा पाच गिअरचा बॉक्स दोघांनी शोधून आणला. शेडात रॉकेलनं धुतला. मला तो बैलाच्या मुंडक्याएवढा आणि तसाच निब्बर वाटला. जुना काढायला विहिरीतली मोटर वर ओढायची तिपाई आणली, चेनपुली लावली. मोटर विहिरीतून निघते तसा गिअरबॉक्स गाडीतून निघाला, तेलाचे थेंब गाळत. पानाच्या ओल्या वासात ऑईलचा वास मिसळला. तो वास त्या नवरात्राचा वास. आजही कुठल्या गॅरेजवरून गेले आणि जवळ पानाची टपरी असली की माझे पाय आपोआप थांबतात. मग मी स्वतःला म्हणते, चल, भाजी वाळतेय.

नव्या बॉक्सचं तोंड इंजिनाला जुळेना. मध्ये जाड धातूची एक चकती बसवावी लागणार होती, एका बाजूची भोकं इंजिनाची, दुसऱ्या बाजूची बॉक्सची. ती करून घ्यायला आम्ही तिघं बारामतीला एमआयडीसीत लेथवाल्या शब्बीरभाईंकडं गेलो. मला घरी एकटी ठेवायला नको म्हणून नेलं होतं की फिरायला, देव जाणे. शब्बीरभाईंनी दोन्ही मापं बघितली, चष्मा कपाळावर चढवला.

"आबा, सोयरीक घेऊन आलाय व्हय? पोरगी विलायती, नवरदेव भंगारातला."

मालक गडबडले. त्यांना वाटलं लेकीला लागेल. शब्बीरभाईंना आमच्या घरचं काही माहीत नव्हतं.

नंदा म्हणाली, "म्हणून तर मधी मध्यस्थ लागतोय, भाई. चांगला जाड करा. पहिला लई पातळ निघाला."

शब्बीरभाई हसले. मग मालक हसले. मग नंदाही हसली, तोंडावर हात न धरता. त्या चकतीला आमच्या घरात शेवटपर्यंत मध्यस्थच म्हणायचे. "मध्यस्थ आणा." "मध्यस्थाचा बोल्ट कुठं गेला?" परत येताना मालकांनी तिघांना उसाचा रस पाजला आणि एसटीत बसल्यावर खिडकीकडं तोंड करून डोळे पुसले. मी म्हणाले, धूळ गेली असंल. ते म्हणाले, व्हय.

पुढं ती दोघं शेडातच राहायला लागली म्हटलं तरी चालेल. दोन सीटच्या मधला पत्रा कापला, कारण नवा बॉक्स लठ्ठ होता. मागच्या चाकांकडं जाणारी लोखंडी दांडी लांब पडली, ती कापून आखूड करून आणली. गिअरचा दांडा भलत्याच जागी वर आला, तो वाकवला. मी चहा नेऊन ठेवायची, तो गार व्हायचा, मी परत न्यायची. शेजारची हौसाबाई बांधावरून डोकवायची.

"काय गं, लेकीला नांदवायचं सोडून गाडीखाली निजवलीस व्हय?"

"घरात निजली हुती तवा बघाय न्हाय आलीस," मी म्हणाले. "आता कशाला आलीस?"

हौसाबाई मनाची वाईट नाही. पुढं तिनंच माझ्या तोंडात पाणी घातलं. पण त्या दिवशी मला बोलावंसं वाटलं आणि मी बोलले. मालकांना गाडी नको होती. त्यांना पाचवा गिअरही तेवढा नको होता. त्यांना लेक परत हवी होती. ती बोल्टाबोल्टानं परत येत होती. अर्ध्यात काम थांबलं तर ती पुन्हा भिंतीकडं तोंड करील, एवढीच त्यांना धास्ती. म्हणून काम संपत आलं की तेच काहीतरी खोट काढायचे. "हे जरा सैल वाटतंय, नंदे." ती पुन्हा खोलायची. मी समजून होते.

खंडेनवमीच्या आधी मागची चाकं वर उचलून त्यांनी गाडी जागच्या जागी चालू केली. मालक बसले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. मग त्यांचा हात नेहमीसारखा पुढं सरकला आणि या वेळी तिथं जागा होती. पाचवा पडला. किंचाळणं थांबलं, इंजिन घुमायला लागलं, जात्यासारखं. चाकं हवेत फिरत होती, गाडी जागेवरच. मालक डोळे मिटून बसून राहिले. नंदा म्हणाली, "आप्पा, बंद करा, तेल जळतंय." ते म्हणाले, "थांब की जरा. टेंभुर्णीपातुर जाऊन येतो."

तेवढाच त्यांचा प्रवास त्या गिअरात झाला.

मागची बाजू खाली घेतली, पुढची वर ठेवली, कारण खालून थोडं काम उरलं होतं. पुढची चाकं टायर बदलायला इंदापूरला दिलेली होती. पुढचा सगळा भार जॅकवर आणि एका लाकडी ओंडक्यावर.

आमच्यात खंडेनवमीला सगळी अवजारं धुऊन पूजेला बसतात. खुरपं, विळा, कुऱ्हाड, पाना, हातोडी. त्या दिवशी कुणी त्यांना हात लावत नाही. माझे सासरे म्हणायचे, राबणाऱ्याला वर्षातनं एकदा टेकू द्यावं. मालकांनी हे कारखान्यावरही पाळलं. खंडेनवमीला त्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावला नाही, साहेब त्या दिवशी पायी कामावर जात. तर त्या सकाळी मालकांनी पाने गोळा केले, घासले, पाटावर मांडले आणि मग म्हणाले, "जॅक राहिला."

नंदा म्हणाली, "तो राहू द्या खालीच. ओझं हाय त्याच्यावर."

"म्हणूनच. सगळ्यात जास्ती तोच राबलाय. बाकीच्यांनी पूजेला बसायचं आन् त्यानं ओझं धरून उभं ऱ्हायचं? बरं न्हाय दिसत."

"मग कशावर ठेवता गाडी?"

"विटा हायत की. एक दिस तर हाय."

विटा न्हाणीघर बांधून उरलेल्या होत्या. भीमेच्या गाळाच्या, हलक्या भाजणीच्या. भिंतीत बसली की वीट पन्नास वर्षं टिकते. टोकावर लोखंड आलं की बिस्किटासारखी मोडते. हे नंदाला माहीत होतं. तिनं विटांवर फळी ठेवली, ओंडका सरकवून बघितला आणि म्हणाली, कुणी खाली जायचं नाही. मालक म्हणाले, कशाला जातंय कोण, अवजारंच नाहीत हातात. खरंच होतं ते. अवजार नसताना गाडीखाली माणूस कशाला जाईल?

संध्याकाळी सर येऊन गेली. शेडातला मुरूम ओंडक्याच्या बाजूनं भिजून मऊ झाला.

दसऱ्याला सकाळी मालक अंघोळ करून, घटातलं धान टोपीत खोवून आले. गाडीला हार घातला, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मी माळ ओवत होते. अवजारं अजून पाटावरून उठवायची होती. मग ते म्हणाले, "पूजा गाडीची झाली. नवा पाव्हणा तर खालीच राहिला." गिअरबॉक्सला कुंकू लावायचं होतं त्यांना. आणि मध्यस्थालाही. नंदा नको म्हणाली. ते ताट घेऊन वाकलेसुद्धा. "दोन बोटं लावतो आन् येतो." खाली अंधार होता. "कुठंशी हाय गं? बॅटरी धर." ती बॅटरी घेऊन त्यांच्यामागं शिरली, त्यांना लवकर बाहेर काढायला.

पुढचं मी सांगितलं आहे.

ताट थांबलं आणि गाडीखालून नंदाचा आवाज आला. शांत. दुकानात काही मागावं तसा.

"आई, जॅक आण."

मी घरात पळाले. पाटावरून जॅक उचलला. फूल पडलं, हळदीनं हात निसटत होता. आणला तर कसा लावायचा माहीत नाही. चुलीपुढं आयुष्य गेलेलं माझं.

"बुडाशी स्क्रू हाय, तो उजवीकडं फिरव. घट्ट. आता दांडा घाल त्यात."

"तुझ्याकडं लावते."

"न्हाय. आप्पाच्या बाजूला लाव. आधी आप्पा."

"नंदे, तुझा हात..."

"आई. आधी आप्पा."

मी तिचं ऐकलं. दांडा मारत राहिले. गाडी सुतासुतानं उठत होती आणि नंदा खालून सांगत होती, अजून, अजून, थांबू नको. तोवर हौसाबाईचा आरडाओरडा ऐकून माणसं आली. त्यांनी उचलली. मालकांच्या टोपीतलं धान तसंच होतं, पिवळं, एक काडीही मोडली नव्हती. त्यांना बघूनच मला कळलं होतं. नंदाला कळलं नव्हतं. बारामतीच्या दवाखान्यात नेईपर्यंत ती विचारत होती, आप्पा कुठल्या गाडीत बसवले?

लोक म्हणाले, माणूस खाल्लेली गाडी आहे, भंगारात घाला. मी म्हणाले, गाडीनं काही खाल्लं नाही, विटा मोडल्या. कुणी म्हणालं, विश्रांतीच्या दिवशी काम काढलं म्हणून देव कोपला. काम कुठं काढलं होतं? पूजाच करत होते. देवाला एवढं कळत नसेल तर त्याच्याशी मला बोलायचं नाही. घट मात्र मी अजून बसवते. का ते विचारू नका.

मला भीती होती ती भिंतीची. दवाखान्यातून आली की नंदा पुन्हा भिंतीकडं तोंड करील. तिनं नाही केलं. बाप गेल्याचं रडली, खूप रडली, पण जेवून रडली. हातात सळ्या घातल्या होत्या. थंडी पडल्यावर एक दिवस शेडात गेली आणि मला हाक मारली, "आई, हितं जरा धर." मी धरलं. पानं वेचून झाली की मी धरायला जायची. असं धरत धरत गाडी पुरी झाली.

तिच्या डाव्या हाताची बोटं आता मिटत नाहीत. गिअरचा दांडा डाव्या बाजूला. म्हणून आम्ही असं करतो: ती स्टिअरिंग धरते आणि क्लच दाबते, मी शेजारी बसून गिअर टाकते. ती म्हणते, टाक. मी टाकते. गाडी चालवायची ही काही रीत नाही. एकदा चौकात हवालदारानं बघितलं, एक चौथी शिकलेली म्हातारी विलायती गाडीत गिअर टाकतेय, आणि त्यानं मान फिरवून घेतली.

खंडेनवमीला नंदा आजही पाने पाटावर मांडते. जॅक मांडत नाही. तो शेडातच असतो, गाडीखाली, गाडी चारी चाकांवर उभी असली तरी. मी तिथंच जाऊन त्याला कुंकू लावते. बसल्या जागी. खाली वाकत नाही.

काल आम्ही झेंडू आणायला इंदापूरला गेलो. हायवेला लागलो, मोकळा रस्ता मिळाला. नंदा म्हणाली, "टाक, आई." माझा हात पुढं गेला. पाचवा पडला. किंचाळणं थांबलं.

दसऱ्याला त्या गाडीखाली दोघं गेली होती. मालक गेले. नंदा वाचली.